कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावर गांव वसविणारा व्यापारी

नगराचा अध्यक्ष कोणास म्हणावें, असें तुम्हांस कोणी विचारलें तर निवडणुकींत ज्यास अधिक मतें मिळालीं त्यास, असें तुम्ही लगेच सांगाल. आणि तें उत्तर चुकीचें नाहीं. परंतु आपल्या महाराष्ट्रांत एक व्यापारी असा होऊन गेला कीं, त्यानें प्रथम ओसाड माळावर गांव वसविलें आणि मग कोणतीही पदवी गळ्यांत न घालतां त्या गांवाच्या पाण्यापासून पहाऱ्यापर्यंत सर्व गोष्टींचा भार आपल्या शिरावर घेतला. त्याहून नवलाची गोष्ट ही कीं, या गृहस्थास तत्पूर्वी एका शहराच्या नगरपालिकेनें आपल्या हद्दींतील जागा सोडावयास लावली होती. त्यांचें नांव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. वडील काशीनाथपंत यांचा ओढा वेदान्ताकडे होता. मुलानें विद्या शिकून प्रतिष्ठित नोकरी धरावी अशी त्या काळच्या घरांत साधारण अपेक्षा असे. लक्ष्मणाचें लक्ष मात्र पुस्तकांपेक्षां चित्रांत आणि हातानें कांहीं तरी घडविण्यांत अधिक. वडील बंधु रामुअण्णा यांच्या साहाय्यानें तो १८८५ सालीं मुंबईस आला आणि सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाला.

येथें त्याच्या मार्गांत पहिला धोंडा आला. दोन वर्षें झालीं न झालीं तोंच असें आढळून आलें कीं, त्याच्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं. ज्यास रंग ओळखतां येत नाहींत त्यानें चित्रकार व्हावें तरी कसें? दुसरा एखादा मुलगा कपाळाला हात लावून गांवीं परतला असता. लक्ष्मणानें रंगाची पेटी बाजूस ठेविली आणि ज्या कामीं रंग लागत नाहींत तें यांत्रिक रेखनाचें काम हातीं घेतलें. तेथें हवी होती ती नजरेची अचूकता आणि हाताची स्थिरता. आणि या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशीं भरपूर होत्या.

या विद्येच्या बळावर त्यांस व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेंत रेखन शिकविण्याची नोकरी मिळाली. शिवाजी पार्काहून माटुंग्याकडे जातांना तुम्ही जी संस्था पाहतां ती हीच. मात्र लक्ष्मणरावांच्या वेळीं ती भायखळ्याकडे होती आणि माटुंग्यास ती १९२३ सालीं आली. शिकविण्याचें काम संपलें म्हणजे हे शिक्षक संस्थेच्या कर्मशाळेंत जाऊन विद्यार्थी होत. कोणतें चक्र कोणत्या चक्रास फिरवितें, ओतीव लोखंड कोठें तडकतें, धार कशी द्यावी, हें सारें त्यांनीं तेथें स्वतःच्या हातानें करून पाहिलें. पुढें बढतीची वेळ आली तेव्हां पात्रता असूनही त्यांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं १८९७ च्या सुमारास राजीनामा दिला आणि पुन्हां नोकरी करावयाची नाहीं असा निश्चय करून ते बेळगांवास परतले.

बेळगांवीं दोघां भावांची दुकानदारी आधींच सुरू झाली होती. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून मोजतात. त्या काळीं सायकल म्हणजे एक नवलाची वस्तु असे. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या, रामुअण्णांनीं त्या बेळगांवीं विकाव्या आणि गिऱ्हाइकास फी घेऊन सायकलीवर बसावयास शिकवावें, असा हा व्यापार होता. परंतु परदेशी माल आणून विकण्यांत लक्ष्मणरावांचें समाधान होईना. भोंवतालचा शेतकरी वर्षानुवर्षें त्याच लांकडी नांगरानें जमीन उकरीत होता आणि विळ्यानें कडबा तोडीत होता. त्याच्या उपयोगाचें यंत्र येथेंच कां करूं नये, या विचारानें त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार केला.

नांगर झाला, पण घेणारा कोण? लोखंडानें जमीन विषारी होते असा समज खेड्यापाड्यांत पसरला होता. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. त्या अवधींत लक्ष्मणरावांनीं शेतकऱ्यास अडाणी म्हणून दोष दिला नाहीं. फाळ लवकर झिजतो अशी तक्रार आली तेव्हां त्यांनीं ती खरी आहे कीं नाहीं हें पाहिलें, आणि खरी आहे असें दिसतांच अधिक कठीण लोखंड ओतण्याची कृति शोधून काढली. नांगर सुधारला तसा त्याचा बोलबाला झाला. खरा व्यापारी गिऱ्हाइकाच्या तक्रारीस शत्रु मानीत नाहीं, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

धंदा रुळावर येत होता तोंच दुसरें संकट आलें. बेळगांवच्या नगरपालिकेस शहराच्या वाढीकरितां जागा हवी होती आणि त्या जागेंत किर्लोस्करांचा कारखाना येत होता. कारखाना हलविण्याचा हुकूम झाला. यंत्रें, भट्टी, माणसें घेऊन जावें कोठें? या प्रसंगीं औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि त्यांच्या साहाय्यास धांवून आले. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज देऊं केलें.

जमीन कसली, निवडुंगानें भरलेला माळ तो! साप आणि विंचू यांची तेथें वस्ती, आणि पाण्याची वाण. ता. १० मार्च १९१० रोजीं या माळावर नव्या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली गेली. लक्ष्मणरावांबरोबर त्यांच्या पत्नी राधाबाई, मुलेंबाळें आणि जिवाला जीव देणारे सहकारी आले. हे सहकारी मोठमोठ्या पदव्या मिळविलेले नव्हते. शंभोअण्णा जांभेकर यांच्या हातीं कोणतेंही यंत्र दिलें तरी तें चालूं लागे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण येथें ते यंत्रकुशल झाले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत आणि के. के. कुलकर्णी व्यवस्थेचें काम पाहत. शाळेच्या परीक्षेंत जो गुण कोणास दिसला नव्हता तो लक्ष्मणरावांस दिसे, हेंच त्यांचें खरें भांडवल होतें.

आतां त्यांच्यापुढें दोन कामें उभीं राहिलीं : कारखाना चालविणें आणि गांव चालविणें. त्या सुमारास इंग्लंडांत कॅडबरी आणि लीव्हर या कारखानदारांनीं आपल्या मजुरांसाठीं स्वच्छ, सुंदर वसाहती उभारल्या होत्या. तेथें पैशाचें पाठबळ मोठें होतें; येथें तें नव्हतें. तरीसुद्धां निवडुंग तोडून रस्ते आंखले गेले, विहिरीचें पाणी घरोघर जाईल अशी सोय झाली, झाडें लावलीं गेलीं, शाळा निघाली. जातीवरून कोणास दूर ठेवावयाचें नाहीं असा दंडक लक्ष्मणरावांनीं घातला. ज्या काळीं पाणवठ्यावर माणसामाणसांत भिंती उभ्या होत्या त्या काळीं हें सोपें नव्हतें.

सर्वांत धाडसाची गोष्ट पुढेंच आहे. गांव म्हटलें कीं पहारा आला. लक्ष्मणरावांनीं पहाऱ्यासाठीं कोणास नेमावें? पिऱ्या मांग आणि तुकाराम रामोशी या दोघांस. हे दोघेही दरोड्याबद्दल शिक्षा झालेले. ज्यांच्या भीतीनें लोकांनीं दारें लावून घ्यावीं त्यांच्याच हातीं या गृहस्थानें गांवाचें रक्षण सोंपविलें. आणि ज्यांच्यावर आजवर कोणी विश्वास टाकला नव्हता त्यांनीं तो विश्वास अखेरपर्यंत पाळला. बेळगांवीं ज्यास जागा सोडावी लागली होती, त्यानें आपल्या गांवांत ज्यास कोठेंच जागा नव्हती अशा माणसांसही जागा दिली. त्यांच्या साऱ्या चरित्राचें सार मला याच गोष्टींत दिसतें.

पुढें १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि विलायती लोखंड व कोळसा मिळणें दुर्घट झालें. कोळशाऐवजीं लांकडी कोळशावर भट्ट्या चालविल्या गेल्या. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनीं संस्थानांतील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडानें एके काळीं माणसें मारलीं त्याच लोखंडानें पुढें धान्य पिकविलें! १९२० सालीं किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षीं पुतणे शंकरराव यांनीं तेथून एक मासिक सुरू केलें. ‘किर्लोस्कर’ या नांवानें तें पुढें महाराष्ट्रांत घरोघर वाचलें गेलें. चिरंजीव शंतनुराव १९२६ सालीं अमेरिकेंत यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. नांगरांच्या जोडीस ऊस गाळण्याचे चरक, शेंगा फोडण्याचीं यंत्रें आणि पाण्याचे पंप आले. १९४१ सालीं हरिहर येथें आणि १९४६ सालीं पुणें व बंगळूर येथें नवे कारखाने निघाले. कुंडल रोड या स्टेशनाचें नांवही बदलून किर्लोस्करवाडी झालें.

इतकें सारें उभें राहिल्यावर लक्ष्मणरावांस उतारवयांत सुखानें बसतां आलें असतें. परंतु ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्या क्षोभांत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं जाळपोळ झाली. किर्लोस्करवाडीही तींतून सुटली नाहीं. जमावानें कारखान्यास आग लावली. लक्ष्मणरावांचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचें. अडतीस वर्षांचे श्रम आगींत सांपडले म्हणजे माणसाच्या मनांत सूड उभा राहतो, किंवा वैराग्य तरी. किर्लोस्करवाडीनें यांतील कोणताच मार्ग धरला नाहीं. राख झाडली गेली, यंत्रें पुन्हां बसविलीं गेलीं आणि भट्टी पुन्हां पेटली. एकदां निवडुंग तोडून उभें केलेलें गांव दुसऱ्यांदा राखेंतून उभें राहिलें. भिंती जळाल्या तरी माणसें जोडलेलीं होतीं, म्हणूनच तें शक्य झालें.

ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीच्या प्रसंगीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून केवळ धनवान होण्याची युक्ति शोधूं नका. रंग न दिसणें, बढती हुकणें, जागा जाणें आणि शेवटीं आग, अशीं चार दारें या पुरुषाच्या तोंडावर बंद झालीं, आणि प्रत्येक वेळीं त्यानें दुसरें दार स्वतःच्या हातानें घडविलें. आणि पालकांनींही एका गोष्टीचा विचार करावा. आपल्या घरांतील जो मुलगा गणितांत मागें राहतो पण मोडलेलें घड्याळ उघडून बसतो, त्यास वायां गेलेला म्हणण्यापूर्वीं शंभोअण्णा आणि अनंतराव यांचें स्मरण करावें. आपली ही मुंबई लक्षावधि लोकांची नगरी आहे. तिचा महापौर एकच असतो. परंतु आपल्या चाळीचा जिना, आपल्या गल्लीचा नळ आणि आपल्या शेजारचा एकटा पडलेला माणूस यांची काळजी वाहण्यास निवडून यावें लागत नाहीं. तें काम ज्यास आपलें वाटेल तो त्या जागेचा अध्यक्षच होय.