ताश्कंदची सही आणि लालबहादूर शास्त्री

शास्त्रीजींचं नाव निघालं की त्यांची साधी राहणी आणि ताश्कंदमधला मृत्यू, एवढंच बोललं जातं. त्या मृत्यूभोवती अफवाच इतक्या की काही तास आधी त्यांनी कशावर सही केली, हे वर्गात विचारलं तर मुलं गप्प बसतात. आम्हा शिक्षकांना याची खंत वाटते.

जन्म मुघलसरायचा, २ ऑक्टोबर १९०४. वडील आधी शाळामास्तर होते. लालबहादूर दीड वर्षाचे असतानाच वारले. कायस्थ घरांच्या रिवाजाप्रमाणे पहिले धडे मौलवीसाहेबांकडे गिरवले. पुढे काशी विद्यापीठ, तुरुंगवास, अरियालूरच्या अपघातानंतर १९५६ मध्ये रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा. जून १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटलं. खेमकरणजवळ आपले हवालदार अब्दुल हमीद शहीद झाले ते याच युद्धात. आपल्या फौजेने मोठी किंमत मोजून हाजीपीर खिंड जिंकली. २३ सप्टेंबर १९६५ ला गोळीबार थांबला खरा, पण फौजा समोरासमोर तशाच उभ्या होत्या.

जानेवारी १९६६ मध्ये सोवियत पंतप्रधान कोसिगिन यांनी शास्त्रीजींना आणि अयूब खान यांना ताश्कंदला बोलावलं. आपले यशवंतराव चव्हाणही संरक्षणमंत्री म्हणून सोबत होते. बोलणी तुटता तुटता राहिली आणि १० जानेवारीला दोन्ही सरकारांचा जाहीरनामा निघाला. काश्मीरचा निकाल त्यात नव्हता. होती ती कामं: २५ फेब्रुवारीपर्यंत फौजांनी ५ ऑगस्ट १९६५ च्या जागी परतायचं, युद्धकैदी सोडायचे, उच्चायुक्त पुन्हा कामावर पाठवायचे, एकमेकांविरुद्धच्या प्रचाराला आवर घालायचा, पुढेही भेटत राहायचं. आमच्या मते या कागदाची ताकद इथेच होती. जे सुटणार नाही ते बाजूला ठेवून, जे उद्यापासून करता येईल तेवढं लिहून घेतलं.

पण त्यासाठी हाजीपीर परत द्यावी लागली. जवानांच्या रक्ताने घेतलेली जागा सोडणं सोपं नव्हतं. केंद्रीय मंत्री महावीर त्यागी यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला. तिकडे लाहोरात विद्यार्थी अयूब खानांविरुद्ध रस्त्यावर उतरले. म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना आपणच हरलो असं वाटत होतं!

सहीच्या रात्रीच, ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, शास्त्रीजींचं निधन झालं. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी युद्ध झालं त्या अयूब खानांनी कोसिगिन यांच्यासह त्यांच्या शवपेटीला खांदा दिला.

मार्चमध्ये रावळपिंडीला मंत्र्यांची बैठक झाली, ती काश्मीरवरच अडली. पण तोवर ठरल्या तारखेपर्यंत फौजा मागे गेल्या होत्या आणि शिपाई आपापल्या छावणीत परतले होते.