बेला बार्तोक : शेजाऱ्यांची गाणी वेचणारा संगीतकार

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका हंगेरियन संगीतकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. घरापासून दूर राहताना आपले काय जपावे आणि शेजाऱ्याचे काय घ्यावे, हा पेच आम्हां सर्वांच्याच घरी नित्य उभा राहतो. बेला बार्तोक यांनी संगीताच्या क्षेत्रात याच पेचाचा आयुष्यभर अभ्यास केला.

त्यांचा जन्म २५ मार्च १८८१ रोजी तेव्हाच्या हंगेरीतील नॉद्यसेंटमिक्लोश या गावी झाला. वडील कृषिशाळेचे मुख्याध्यापक होते. बेला सात वर्षांचे असतानाच ते वारले आणि शिक्षिका असलेल्या आईने मुलांना वाढविले. बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकून ते उत्तम पियानोवादक झाले. पुढे १९०७ मध्ये ते तेथेच अध्यापक झाले.

१९०४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या आयुष्याला वळण लागले. एका खेड्यात मुक्कामाला असताना लिडी डोशा नावाच्या मोलकरणीचे गाणे त्यांच्या कानी पडले. शहरातील उपाहारगृहांत वाजणाऱ्या जिप्सी वाद्यवृंदांचे संगीत म्हणजेच हंगेरीचे लोकसंगीत, अशी सुशिक्षितांची समजूत होती. हे गाणे मात्र निराळेच होते. पुढील वर्षी झोल्तान कोडाय यांच्यासारखा सहकारी लाभला आणि फोनोग्राफ घेऊन दोघे खेडोपाडी हिंडू लागले. मेणाच्या नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटांचे गाणे मावे. नंतर तेच पुनःपुन्हा ऐकून त्यातील प्रत्येक हरकत बार्तोक कागदावर उतरवीत. ट्रान्सिल्व्हानियात १९०७ मध्ये त्यांना पाच स्वरांच्या जुन्या चाली सापडल्या. आमच्या धानी रागात येतात, तेच ते पाच स्वर!

ते आपल्याच भाषेपाशी थांबले असते, तर राष्ट्रभक्त म्हणून त्यांचा जयजयकार झाला असता. परंतु त्यांनी स्लोव्हाक आणि रोमानियन भाषा शिकून घेतल्या आणि या शेजाऱ्यांच्याही हजारो चाली गोळा केल्या. १९१३ मध्ये ते अल्जीरियातील बिस्क्रा परिसरात अरबांची गाणी टिपण्यास गेले. १९३६ मध्ये तुर्कस्तानातील भटक्या जमातींच्या चाली ऐकताना जुन्या हंगेरियन चालींशी त्यांचे विलक्षण साम्य त्यांना आढळले.

या उदारपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहाने हंगेरीचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश गेला. त्यांचे जन्मगावही रोमानियात गेले. अशा वेळी रोमानियन संगीतावर लिहिणारा हा मनुष्य देशद्रोही होय, अशी ओरड मायदेशी झाली. पुढे रोमानियातही त्यांच्या हेतूंविषयी शंका घेण्यात आली. दोन्हीकडून दोष येत असताही त्यांनी आपली मोजमापे बदलली नाहीत. चाली एका भाषेतून दुसरीत जातात, तेथे रूप पालटतात, कधी नव्या रूपाने माघारी येतात आणि या देवघेवीनेच लोकसंगीत समृद्ध होते, हा त्यांचा निष्कर्ष होता. वांशिक शुद्धतेचा उन्माद युरोपात माजला असताना असे मत मांडावयास मोठेच धैर्य हवे होते.

नाझींविषयी त्यांना तीव्र घृणा होती. १९३९ च्या डिसेंबरात आई वारली आणि १९४० च्या ऑक्टोबरात पत्नीसह त्यांनी देश सोडला. निघण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात एक अट होती. हिटलर आणि मुसोलिनी यांची नावे हंगेरीत एखाद्या रस्त्याला वा चौकाला असेपर्यंत आपले नाव तेथे कशालाही देऊ नये, अशी ती अट. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांना तात्पुरते काम मिळाले. मिल्मन पॅरी या अमेरिकन विद्वानाने ध्वनिमुद्रित केलेली दक्षिण स्लाव्ह गाणी लिपिबद्ध करण्याचे ते काम होते. परक्या शहरात, ढासळत्या प्रकृतीने ते शेजाऱ्यांचीच गाणी लिहीत बसले! रक्ताच्या कर्करोगाने २६ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी मायदेशी परतल्या त्या १९८८ मध्ये.

मुलांच्या मराठीत इकडचे शब्द मिसळतात, म्हणून आम्ही हळहळतो. बार्तोक यांचे चरित्र वाचल्यावर ती हळहळ काहीशी निवळते. मात्र त्याचबरोबर एक जबाबदारीही अंगावर येते. देवघेव निर्भयपणे करावयाची, तर आपल्यापाशी देण्याजोगे काय आहे, ते आधी नीट ठाऊक असावयास हवे. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेली एखादी वृद्ध आई वा मावशी अद्याप आहे. सण-समारंभाच्या गडबडीतून थोडा वेळ काढून तिच्यापाशी बसावे, ती गाईल ते जसेच्या तसे टिपून घ्यावे आणि शेजारच्या बंगाली वा तमिळ आजीलाही गावयास सांगावे. बार्तोक यांनी अन्य काय केले होते?