प्रत्ययांचे उपासक : डॉ. रघुवीर

इंग्रजीच्या पेपरात ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांची गल्लत न केलेला विद्यार्थी विरळाच! पहिल्याचा अर्थ आर्थिक, दुसऱ्याचा काटकसरीचा. ‘एम्प्लॉयर’ म्हणजे मालक आणि ‘एम्प्लॉयी’ म्हणजे नोकर, हा फरक तर हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज भरणाऱ्याला कळलाच पाहिजे. मूळ शब्द एकच. अर्थ पालटतो तो शेवटच्या प्रत्ययाने. या प्रत्ययांचे सामर्थ्य ओळखून शब्दांची टाकसाळ उघडणारा एक विद्वान आपल्या नागपुरात राहून गेला, हे आज कितीजणांना ठाऊक आहे?

डॉ. रघुवीर यांचा जन्म 1902 साली रावळपिंडीस झाला. लाहोरला शिक्षण घेऊन पुढे त्यांनी लंडन व हॉलंड येथील विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळविल्या. परत आल्यावर ते लाहोरच्या सनातन धर्म कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतातील विराटपर्वाचे संपादन त्यांचेच. ते 1936 साली प्रसिद्ध झाले. लाहोरजवळ काढलेली ‘सरस्वती विहार’ ही संशोधनसंस्था त्यांनी फाळणीच्या तोंडावर नागपूरला आणली.

त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारला राज्यकारभार हिंदी-मराठीत आणावयाचा होता. पण त्यासाठी शब्द कोठून आणायचे? रघुवीरांचे उत्तर सरळ होते : संस्कृत धातू घ्यावा, त्याला उपसर्ग व प्रत्यय लावावे. इंग्रजीतील ‘लॉ’, ‘लीगल’, ‘लेजिस्लेशन’, ‘लेजिस्लेचर’ हे शब्द पाठ करावे लागतात. पण विधी, वैध, विधान, विधानमंडळ या शब्दांचे नाते ऐकताक्षणीच उमगते. या तत्त्वावर त्यांनी प्रचंड इंग्रजी-हिंदी कोश सिद्ध केला. संविधान सभेतही ते सदस्य होते.

त्यांची टिंगलही पुष्कळ झाली. त्यांचे अनेक शब्द जड होते, हे खरेच. सामान्य माणसाने रेल्वे आणि तिकीट सोडले नाही. इतकेच काय, अरबीतून आलेल्या ‘कायदा’ शब्दापासून मराठी माणसाने कायदेशीर आणि बेकायदा हे शब्द आपले आपणच घडविले. म्हणजे प्रत्यय लावण्याची कला संस्कृतपुरतीच नव्हती. ती लोकांच्या जिभेवरही होती. रघुवीरांना हे पुरेसे मानवले नसावे, असे वाटते. तरीही भाषा शब्द उसने घेण्याबरोबर घडवूही शकते, हा आत्मविश्वास त्यांनी दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

पुढे ते राज्यसभेवर गेले. चीनविषयक धोरणावरून काँग्रेस सोडून ते जनसंघात आले व त्याचे अध्यक्षही झाले. 14 मे 1963 रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे अवघड इंग्रजी शब्द भेटला की घोकंपट्टी करण्याआधी त्याचा शेवट निरखून पाहा. त्या शब्दाचे अर्धे गुपित तेथेच दडलेले असते!