एक्की सोलकर : बॅटपासून अडीच मीटरवर

यंदा आमच्या हॉस्टेलच्या टीमला नवा कॅप्टन मिळाला आणि त्याने पहिल्याच रविवारी सगळ्यांच्या जागा बदलल्या. आपल्याकडे एकही खरा फास्ट बॉलर नाही, हे त्याने सरळ मान्य करून टाकलं. दोन्ही बाजूंनी स्पिन टाकायची आणि बॅट्समनभोवती माणसं उभी करायची, हा त्याचा प्लॅन. दोन वर्षं मी कव्हरला उभा राहायचो, पळायचो, थ्रो मारायचो. आता माझी रवानगी फॉरवर्ड शॉर्ट लेगला झाली. उलव्याच्या उन्हात डोक्यावर कुणाचं तरी सैल हेल्मेट घालून, वाकून, समोरच्याच्या पॅडकडे बघत बसायचं!

रात्री मेसमध्ये मी भरपूर कुरकुर केली. शेजारच्या टेबलावर वर्कशॉपचे सर जेवत होते. त्यांनी शांतपणे भात संपवला आणि मला विचारलं, एकनाथ सोलकर माहीत आहे का. मी नाव फक्त ऐकून होतो. सोलकर २६ जून २००५ रोजी मुंबईत हृदयविकाराने गेला. आमच्या बॅचमधले बरेचसे जन्मले तेव्हाची ही गोष्ट. सरांनी त्या रात्री अर्धा तास सांगितलं, पुढचं मी वाचून काढलं. ते इथे लिहितो आहे.

एकनाथ धोंडू सोलकर. जन्म १८ मार्च १९४८, मुंबई. मरीन ड्राइव्हवर ओळीने जिमखाने आहेत, त्यांतल्या हिंदू जिमखान्यात त्याचे वडील मुख्य माळी होते. मैदानाची, पिचची सगळी देखभाल त्यांच्याकडे. कुटुंबाचं घर म्हणजे तिथलीच एक खोली. एका रविवारी मी खारकोपरहून लोकल पकडून मुद्दाम तिकडे जाऊन आलो. रस्त्यावर उभं राहून कुंपणातून मैदान बघितलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, मध्ये हिरवळ. मोठ्या घरची माणसं तिथे खेळायला येत आणि माळ्याचा मुलगा स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलत असे. तिथेच बघत-बघत, मागितलेल्या बॅटने खेळत तो तयार झाला. पुढे भारताच्या शालेय संघाचा तो कॅप्टन झाला. त्या संघात त्याच्या हाताखाली सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ खेळले, म्हणजे बघा!

१९६९ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला. डावखुरा बॅट्समन, डाव्या हाताने मध्यमगती टाकणारा, गरज पडली तर स्पिनही टाकणारा. सगळं थोडं-थोडं येणारा माणूस. असा माणूस कॅप्टनला हवाही असतो आणि त्याला नेमकं कुठे बसवायचं हा प्रश्नही असतो.

आता त्या वेळची भारतीय टीम डोळ्यांसमोर आणा. खरा फास्ट बॉलर नाही. नवा बॉल आबिद अली आणि सोलकर टाकायचे, तेसुद्धा त्याची चमक जावी म्हणून थोड्याच ओव्हर्स. मग यायचे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन. पतौडींनी कॅप्टन असताना हे स्पिनचं हत्यार घडवलं होतं. १९७१ मध्ये अजित वाडेकर कॅप्टन झाले आणि ते त्यांच्या हाती आलं. पण स्पिनची एक अडचण असते. चांगल्या स्पिनला बॅट्समन पाय पुढे टाकून, बॅट आणि पॅड जवळ ठेवून अडवतो. बॉल ग्लोव्हला किंवा बॅटच्या कडेला लागून पॅडवर आपटतो, हलकासा उडतो आणि दोन-तीन पावलांवर पडतो. तिथे माणूस नसेल तर बॉलरची सगळी करामत फुकट.

फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब आठवा. खाचेचा तुकडा तयार असतो, दुसरा तुकडा कानस घासून-घासून त्यात बसवायचा असतो. सर जॉब उजेडाकडे धरतात आणि फटीतून प्रकाश दिसला की जॉब परत! वाडेकरांची खाच तयार होती. स्लिपला ते स्वतः, गलीला वेंकट, लेगला मागच्या बाजूला आबिद अली. उजेड दिसत होता तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला. ती फट एकनाथने बंद केली.

अमेरिकन फुटबॉलमध्येही हाच प्रश्न येतो, हे मला कॉमन रूममध्ये एका सीनियरने समजावलं. कोचने बचावाची आखणी बदलली, पुढच्या फळीत चारऐवजी तीनच माणसं ठेवली, की कालपर्यंत हात टेकून पुढे भिडणाऱ्या एखाद्याला मागे उभं राहून धावण्याचं काम मिळतं. माणूस तोच, काम नवं. त्याने ते मनापासून घेतलं तर आखणी उभी राहते, नाहीतर कागदावरच राहते.

एकनाथने ते कसं घेतलं, याचा थोडा हिशोब करू. तो बॅटपासून अडीच मीटरवर आहे आणि बॉल सेकंदाला दहा मीटर वेगाने उडाला, असं धरा. हातापर्यंत यायला पाव सेकंद. डोळ्याने बघून शरीर हलायलाच साधारण एक पंचमांश सेकंद जातो. हाताशी उरला सेकंदाचा विसावा भाग! म्हणजे नुसत्या चपळाईवर हे काम होत नाही. बेदीचा उंची दिलेला बॉल वेगळा, चंद्राचा झपकन उसळणारा वेगळा. कोण काय टाकतोय, बॅट्समनचा पाय कुठे पडतोय, हे आधीच वाचावं लागतं. आणि तेव्हा क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. बॅट्समनने पूर्ण ताकदीने स्वीप मारला तरी जागा सोडायची नाही. हा धोका किती खरा आहे, ते पुढे १९९८ मध्ये दिसलं. ढाक्याला याच जागेवर हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या रमण लांबाच्या डोक्याला बॉल लागला आणि तीन दिवसांनी तो गेला.

१९७१ साल एकनाथचं साल होतं. वेस्ट इंडिजमध्ये पहिल्या कसोटीत आपली अवस्था ५ बाद ७५ होती. दिलीप सरदेसाईने २१२ काढले आणि दुसऱ्या बाजूने एकनाथने ६१ करून साथ दिली. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदाच हरवलं, त्यात त्याचे ५५ रन आणि सहा कॅच. मग इंग्लंड. लॉर्ड्सवर ६७. आणि ऑगस्टमध्ये ओव्हल.

ओव्हलला इंग्लंडने ३५५ केले, त्यात एकनाथच्या तीन विकेट्स. आपले २८४, त्यात त्याचे ४४. दुसऱ्या डावात चंद्राने फ्लेचरला शून्यावर काढलं तो कॅच एकनाथचाच. मग आला ॲलन नॉट, पहिल्या डावात ९० काढलेला. वेंकटच्या बॉलवर तो पुढे आला, बॉल बॅट-पॅड होऊन जेमतेम उडाला आणि एकनाथने पुढे झेप घेऊन जमिनीलगत उचलला. नॉट १ रनवर परत. इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं. चंद्राच्या सहा विकेट्स ३८ रनमध्ये. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारत इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकला आणि सीरिजही. स्कोअरकार्डवर मोठं नाव चंद्राचं आणि ते योग्यच आहे. पण झेपावलेल्या एकनाथचा तो फोटो बघा, मग कळतं.

१९७२-७३ मध्ये इंग्लंडची टीम भारतात आली, तेव्हा एका सीरिजमध्ये त्याने बारा कॅच घेतले. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर आपली टीम ४२ मध्ये गारद झाली. तेव्हा दोन आकडी धावा करणारा हा एकटाच, नाबाद १८. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध १०२ काढले, त्याचं एकमेव कसोटी शतक. जानेवारी १९७७ मध्ये कोलकात्याला शेवटची कसोटी. वय अजून २९ पूर्ण नव्हतं.

आता आकडे. २७ कसोटी, १०६८ रन, सरासरी २५च्या आसपास. १८ विकेट्स, प्रत्येकीला ५९ रन. प्लेसमेंटला असा रेझ्युमे दिला तर पहिल्याच राउंडला बाहेर! कधी सलामीला, कधी सहाव्या-सातव्या नंबरवर, कधी नवा बॉल, कधी जुना. टीमची जी गरज पडेल ती त्याची जागा. पण तिसरा आकडा बघा, २७ कसोटींत ५३ कॅच. किमान वीस कसोटी खेळलेल्या आणि विकेटकीपर नसलेल्या खेळाडूंमध्ये दर कसोटीमागे एवढे कॅच कुणाचेच नाहीत.

आणि सरांनी मला जे सांगितलं ते या आकड्यातही येत नाही. तो तिथे आहे म्हणून बॅट्समन पाय पुढे टाकायला कचरायचे. मागे राहिले की एलबीडब्ल्यू, बॅट लांब नेली की स्लिपला कॅच. ती विकेट बेदीच्या नावावर, प्रसन्नाच्या नावावर, कॅच वाडेकरांच्या नावावर. एकनाथच्या नावावर काहीच नाही. तो फक्त तिथे उभा होता.

असो. सीझनभर माझ्या हातात एकही कॅच बसला नाही, दोन सुटले. मागच्या मॅचला मात्र समोरच्या टीमचा ओपनर दोन-तीनदा माझ्याकडे बघून पाय मागे घेताना दिसला. पुढच्याच ओव्हरला तो मागे राहूनच एलबीडब्ल्यू झाला. स्कोअरबुकात आमच्या ऑफस्पिनरचं नाव आहे. कॅप्टनने लांबून माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

येत्या रविवारी पुढची मॅच आहे. हेल्मेटचा पट्टा मी वर्कशॉपमधून नीट बसवून घेतलाय.