बी. प्रभा : कष्टकरी स्त्रीची चित्रकर्ती

स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक भारतीय चित्रकलेचा विषय निघाला, की हुसेन, रझा, आरा, गायतोंडे अशी नावे ओठांवर येतात. पुरुषांचाच वरचष्मा असलेल्या त्या काळात स्वतःची स्वतंत्र शैली घडविणारी मराठी चित्रकर्ती म्हणजे बी. प्रभा.

नागपूरजवळच्या बेला या गावी १९३३ मध्ये त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या कलाशाळेत प्राथमिक धडे गिरवून त्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाल्या आणि चित्रकला व भित्तिचित्रणाची पदविका त्यांनी मिळविली. विद्यार्थिदशेतच त्यांची तीन चित्रे डॉ. होमी भाभा यांनी विकत घेतली. नवोदित कलावतीसाठी ती मोठीच पावती होती. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी दोघांनी एकत्रित प्रदर्शनही भरविले.

सुरुवातीला अमूर्ताकडे झुकलेला त्यांचा कुंचला लवकरच माणसाकडे वळला. अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा ठसा त्यांच्या मनावर होता; पण प्रभा यांची स्त्री निराळी होती. लांबट मान, सडपातळ बांधा, झुकलेली नजर आणि बहुधा एकाच रंगाच्या छटांनी भारलेला कॅनव्हास, अशी त्यांची तैलचित्रे चटकन ओळखू येतात. मासळीची टोपली घेतलेली कोळीण, खेड्यातली कष्टकरी बाई, दुष्काळ, भूक आणि बेघरपणा हे त्यांचे विषय. सुखी स्त्री आपल्या पाहण्यात आलीच नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया देखण्या असल्या, तरी हसत नाहीत.

एअर इंडियाने १९५६ मध्ये त्यांची सहा चित्रे प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना घेतली. पुढे हजारो कलाकृतींपर्यंत वाढलेल्या या कंपनीच्या संग्रहाचा तो आरंभ होता. जिने कधी विमानात पाऊल ठेवले नसेल, अशा बाईची प्रतिमा या चित्रांमुळे थेट विमान कंपनीच्या दालनात पोहोचली.

१९९२ मध्ये विठ्ठल यांचे निधन झाले. त्यानंतर २००१ मध्ये नागपूर येथे प्रभा यांनीही जगाचा निरोप घेतला. आज त्यांची चित्रे लिलावांत लाखो रुपयांना विकली जातात. चित्रातल्या त्या बाईच्या डोक्यावरचे ओझे मात्र अजून उतरलेले नाही.