सॅन्डोचे डंबेल्स सोडून अख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावणारा औंधचा राजा

आज जिममध्ये गेलात की ट्रेनर हमखास सांगतो, एका हाताने डंबेल उचला, एका पायावर लंजेस मारा. कारण सोपं आहे. दोन्ही हातांनी वजन उचललं की ताकदवान बाजू कमजोर बाजूचं काम चोरते. एकेक बाजू वेगळी कामाला लावली की ही चोरी बंद होते.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजाने हे दोन्ही प्रकार शंभर वर्षांपूर्वीच करून बघितले होते. त्यांचं नाव भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

भवानरावांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून ते बी. ए. झाले. चित्रं काढायची, कीर्तन करायचं आणि व्यायाम करायचा, हे त्यांचे तीन नाद. सुरुवातीला आपल्याकडचा जोर-बैठकांचा व्यायाम होताच. पण त्या काळात युजेन सॅन्डो या पैलवानाने जगाला वेड लावलं होतं. एका हाताने प्रचंड वजन डोक्यावर नेणं ही त्याची खासियत. लोकांना मात्र तो हलके डंबेल्स घेऊन एकेक स्नायू पिळून काढायला शिकवायचा.

भवानरावांनी 1897 मध्ये सॅन्डोची पुस्तकं आणि साधनं मागवली. पुढची दहा वर्षं त्यांनी तो व्यायाम नेमाने केला.

मग मिरजेचे संस्थानिक आणि त्यांचे जुने मित्र बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्काराकडे वळवलं. साल होतं 1908. आणि इथेच गाडीने रूळ बदलला.

सूर्यनमस्कारात एक पाय मागे जातो, दुसरा दोन्ही हातांच्या मध्ये राहतो. पुढच्या नमस्काराला पाय बदलायचा. म्हणजे एका पायाचा व्यायाम त्यातच आला. जोरातला हातांचा आणि छातीचा भाग आला, पाठीचा कणा पुढे-मागे वाकला आणि श्वासाचं गणितही जमलं. वर साधन काहीच नको. सॅन्डोचा संच घेणं राजाला परवडत होतं, पण माणदेशातल्या दुष्काळी गावातल्या पोराला ते शक्य नव्हतं. नमस्काराला लागते फक्त साडेतीन हात जागा.

1909 मध्ये भवानराव गादीवर आले. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. घरात राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालायची. सूर्यनमस्कार ही त्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे, ती आधीपासून होतीच. पण त्याला ठरावीक क्रम देऊन, पुस्तकं लिहून, मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा व्यायाम म्हणून पोहोचवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. 1936 मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथल्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक संपादित केलं आणि ते 1938 मध्ये बाहेर आलं. अशा रीतीने औंधचा नमस्कार लंडनच्या वाचकांपर्यंत गेला.

पण सक्तीने व्यायाम करून घेणारा राजा म्हटला की शंका येतेच. सत्तेची हौस तर नसेल?

त्याचं उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. औंध संस्थान छोटं, 72 गावांचं आणि विखुरलेलं. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींशी सल्लामसलत केली आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची स्वराज्य राज्यघटना लागू झाली. सत्तरीतल्या राजाने स्वतःचे अधिकार प्रजेच्या हाती दिले. कारभाराचा पाया ठरल्या गावपंचायती. देशाला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा आठ वर्षं बाकी होती.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करायची. ‘दो आँखें बारह हाथ’ या सिनेमाचं मूळ तिथलंच. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही याच मुलखातले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळच्या माळरानावर जागा देणारे राजेही हेच. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि 13 एप्रिल 1951 ला भवानराव गेले.

आज औंधला गेलात तर यमाईचं दर्शन होतं आणि टेकडीवरचं त्यांनी उभारलेलं भवानी संग्रहालय बघता येतं. संस्थान राहिलं नाही. पण सकाळी कुणी सतरंजी टाकून एक पाय मागे नेतो, तेव्हा औंधच्या राजाचा धडा आपोआप गिरवला जातो.