परटीण ते कारखानदार : मॅडम सी. जे. वॉकर

थोरांची चरित्रे वाचताना त्यांचे कष्ट आपण दोन ओळींत उरकतो आणि लगबगीने यशाच्या प्रकरणाकडे वळतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांच्या बाबतीत मला ते जमले नाही. त्यांची जवळजवळ अठरा वर्षे लोकांचे कपडे धुण्यात गेली. आमचे घर परटाचे असल्याने त्या अठरा वर्षांचा अर्थ मला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे.

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा या गावी तिचा जन्म झाला. आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. म्हणजे स्वतंत्र म्हणून जन्मलेले त्या घरातील हे पहिलेच मूल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हा सारा पाच वर्षांची होती. कायद्याने साखळी तुटली, पण मळा तोच राहिला आणि कापूस वेचणारे हातही तेच राहिले.

सातव्या वर्षी ती पोरकी झाली. थोरल्या बहिणीबरोबर नदीपलीकडच्या व्हिक्सबर्ग शहरात गेली. तेथे मेहुण्याचा जाच. तो चुकविण्यासाठी चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी लग्न केले. १८८५ साली लेलिया ही मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. शाळा मिळाली होती ती जेमतेम तीन महिन्यांची. तान्ही पोर घेऊन ती सेंट लुइस शहरी गेली. तिचे भाऊ तेथे न्हाव्याचा धंदा करीत.

येथे धुणे सुरू झाले. लाकडी टब, घासायची फळी, उकळते पाणी आणि कातडी सोलणारा क्षार. दिवसाची कमाई कधीकधी अवघी दीड डॉलर. सोड्याच्या पाण्यात सतत हात असले की नखे झिजतात, बोटांना भेगा पडतात आणि रात्री भाकरी मोडतानाही त्या झोंबतात; हे मी आईच्या हातांवर रोज पाहते. असल्या कमाईतून पैसा पैसा जोडून साराने लेलियाला टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल कॉलेजात धाडले! पुढच्या लाखो डॉलरांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

त्या सुमारास तिचे केस झपाट्याने गळू लागले. गरिबांच्या घरी नळ नव्हते, केस धुणे क्वचित होई. डोक्यात कोंडा व खपल्या ही अनेकींची व्यथा होती. अ‍ॅनी मलोन या कृष्णवर्णीय बाई केसांची औषधे तयार करून विकत असत. सारा त्यांची विक्रेती झाली. १९०५ साली ती डेन्व्हरला गेली. तेथे एका औषधविक्रेत्याकडे स्वयंपाक करता करता तिने स्वतःचे मलम बनविले. गंधक, मेण, खोबरेल, पेट्रोलियम जेली अशी त्यातील द्रव्ये. गंधकाचा उपाय जुनाच होता आणि मलोनबाईंचे मलमही त्याच जातीचे होते. केस सरळ करणारा तापवायचा कंगवा वॉकरबाईंनी शोधला असे पुष्कळजण सांगतात, तेही खरे नाही. त्यांचे खरे कर्तृत्व निराळेच आहे.

जानेवारी १९०६ मध्ये तिने चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला आणि डब्यावर नाव छापले ‘मॅडम सी. जे. वॉकर’. गोरी माणसे कृष्णवर्णीय स्त्रीला वयाचा मान न ठेवता नुसत्या नावाने हाक मारीत. आता डब्यावरचे नाव वाचणाऱ्याला ‘मॅडम’ म्हणणे भागच होते. म्हणून येथून पुढे मीही त्यांचा उल्लेख आदरानेच करते.

मॅडम वॉकर गावोगाव फिरल्या. दारोदार, चर्चच्या दालनांत बायकांचे केस स्वतः धुऊन, मलम लावून त्यांनी आपला माल दाखविला. टपालाने येणाऱ्या मागण्या लेलिया पाहू लागली. १९०८ साली पिट्सबर्गला मुलीच्याच नावाने प्रशिक्षणाचे विद्यालय निघाले. १९१० साली रेल्वेचे मोठे जंक्शन असलेल्या इंडियानापोलिस शहरी बिऱ्हाड हलले आणि कारखाना उभा राहिला. हजारो स्त्रिया त्यांच्या विक्रेत्या झाल्या. कालपर्यंत दुसऱ्याची धुणीभांडी करणाऱ्या बाया हाती प्रमाणपत्र घेऊन स्वतःचा व्यवसाय करू लागल्या. मलम कोणीही बनविले असते. पण परटिणीला धंदेवाईक बनविणे हे परटिणीलाच सुचले.

१९१२ साली शिकागो येथे कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या परिषदेत अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात. अखेर त्या आपणहून उठल्या आणि कापसाच्या मळ्यापासून टबापर्यंत, टबापासून कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास त्यांनी भरसभेत सांगितला. पुढच्याच वर्षी त्याच परिषदेत त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

त्यांच्यावर टीकाही झाली. केस सरळ करणे म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असा आक्षेप त्यांच्या समाजातूनच आला. त्यांचा भर टाळूच्या आरोग्यावर होता हे खरे. पण तापलेला कंगवा त्यांच्या पद्धतीत होता हेही खरे. हा आक्षेप मला निव्वळ मत्सराचा वाटत नाही. मात्र त्यांचे माप घेताना १९१७ सालही पाहावे. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध त्या वर्षी हार्लेममधील पुढाऱ्यांबरोबर त्या व्हाइट हाउसपर्यंत गेल्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. त्याच महिन्यात फिलाडेल्फिया येथे त्यांच्या विक्रेत्यांचे अधिवेशन भरले. बक्षिसे केवळ जास्त विक्रीला नव्हती, समाजकार्याला देणगी देणाऱ्या शाखांनाही होती. अधिवेशनाने राष्ट्राध्यक्षांना निषेधाची तार पाठविली. केसांचे मलम विकणाऱ्या बायकांची ती सभा होती, हे ध्यानात घ्यावे.

२५ मे १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्कजवळील आपल्या निवासस्थानी त्यांचे निधन झाले. मागे ठेवलेल्या संपत्तीचा अंदाज सुमारे ६ लाख डॉलर होता. जाण्यापूर्वी हत्याविरोधी निधीस त्यांनी ५,००० डॉलर देऊ केले होते.

शिक्षण म्हणजे घरच्या धंद्यातून सुटका, अशी आपली एक समजूत आहे. मॅडम वॉकर टब सोडून पुढे गेल्या, पण टबाशी उरलेल्या बायांना विसरल्या नाहीत. उलट त्यांच्याच हातांवर त्यांनी उद्योग उभारला. घरातून कॉलेजात पहिल्यांदाच येणाऱ्या आपल्यासारख्यांनी पदवी घेतल्यावर कोठे जायचे, याचा विचार जरूर करावा. पण कोणाला बरोबर न्यायचे, हाही प्रश्न त्यासोबतच सोडवावा लागेल.